हळू ठेवा, वहिनी

बाईसाठी खास राखून ठेवलेले काही शब्द आपल्या भाषेत आहेत, त्यातला एक आदळआपट. पुरुषाने दार आपटलं तर वारा सुटला होता म्हणतात. बाईच्या हातून ओट्यावर नुसती झाकणी पडली तरी घरभर चौकशी, आज काय बिनसलं बाई, कशाची आदळआपट चालली आहे. हा शब्द मी लग्नाआधी अल्लीपुरात ऐकला, लग्नानंतर वर्ध्याला नालवाडीत ऐकला, आणि चाळिशी ओलांडल्यावर व्यायामशाळेत ऐकला तेव्हा माझं डोकं फिरलं. ते अजून जागेवर आलेलं नाही, म्हणून हे लिहायला बसले. शाळेत शिकवलं तसं नीट लिहायचा माझा प्रयत्न असतो, पण राग आला की मले-तुले सुरू होते. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. नाही घेतलं तरी माझं काही अडत नाही.

आमचं वर्ध्यात भांड्यांचं दुकान आहे. स्टीलचे डबे, पाणी भरायचे पितळेचे गुंड, आणि लग्नाकार्यासाठी भाड्याने द्यायच्या मोठाल्या डेगा. गिऱ्हाईक गुंडावर टिचकी मारून आवाज ऐकतं, मग दुसऱ्यावर मारतं, आणि शेवटी पहिलाच घेऊन जातं. म्हणजे आवाज हाच आमचा धंदा. घरात मात्र बरोबर उलटं. सासरे होते तोवर दुपारी जेवून आडवे व्हायचे आणि त्या वेळात भांड्याला भांडं लागलेलं त्यांना खपत नसे. सासूबाईंनी आयुष्यभर ताटं जाड कापडावर पालथी घातली. सासरे गेले, कापड तिथंच राहिलं. मी लग्न होऊन आले तेव्हा मला त्यांनी सगळ्यात आधी स्वयंपाक नाही शिकवला, ताट ठेवायला शिकवलं. "आवाज नाई आला पाह्यजे व," त्या म्हणायच्या. "लोकं म्हनतीन, सून आदळआपट करते."

दोन उन्हाळ्यांमागची गोष्ट. लग्नसराई होती, कामावरचा माणूस आलेला नव्हता आणि गिऱ्हाईकाचा मालवाहू ऑटो दुकानासमोर भोंगा वाजवत उभा होता. आमचे हे फोनवर. मी पदर खोचला, डेग जमिनीवरून मांडीवर घेतली, मांडीवरून एका झटक्यात छातीशी आणली आणि ऑटोत चढवली. दुकानात पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ चहाची गाळणी घ्यायला आले होते. गाळणी हातात तशीच धरून ते माझ्याकडे बघत राहिले.

"वहिनी, हे तुमाले कोनं शिकवलं?"

"शिकवते कोन? ऑटोवाला थांबत नाई, उचला लागते."

ते सेलूचे निवृत्त क्रीडाशिक्षक निघाले. तरुणपणी विद्यापीठाकडून वेटलिफ्टिंग केलेले, आणि आता आमच्याच भागातल्या एका व्यायामशाळेत सकाळी शिकवायला येणारे. त्यांनी सांगितलं की मी आत्ता जे केलं त्याला वेटलिफ्टिंगमध्ये क्लीन म्हणतात. आमचे हे फोन ठेवत म्हणाले, "क्लीन काय? मंग ते तर हे रोजच करते, डेग घासून घासून." आणि स्वतःच्याच विनोदावर स्वतःच हसले. सर हसले नाहीत, उद्या सकाळी या म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी व्यायामशाळेत होते, आणि पहिल्या आठवड्यातच मला हा खेळ असा आवडला की मी कधी नव्हे ती पहाटे गजराच्या आधी उठायला लागले.

खेळ सांगायला सोपा आहे. बार म्हणजे दोन्ही टोकांना वजनाच्या प्लेटा लावलेला लोखंडी दांडा. स्नॅच म्हणजे तो जमिनीवरून एका दमात डोक्यावर. क्लीन अँड जर्क म्हणजे आधी खांद्यावर, मग डोक्यावर. डोक्यावर नेला की हात ताठ, पाय एका रेषेत, आणि पंच 'डाऊन' म्हणेपर्यंत हलायचं नाही. त्याने म्हटलं की बार सोडायचा. हो, सोडायचा, धाडकन. खांद्याच्या खाली येईपर्यंत हात त्यावर राहिले म्हणजे झालं. डोक्यावरचं वजन अलगद उतरवत बसलात तर मनगट, कोपर, कंबर सगळ्यांची वाट लागते. सगळीकडे हा खेळ असाच खेळतात. फक्त आमच्या व्यायामशाळेला ते मान्य नव्हतं.

मी पहिल्यांदा वरून बार सोडला तेव्हा ऑफिसातून व्यायामशाळेचे सचिव धावत आले. आमच्याच ओळीतले कापड दुकानदार, रोज भेटणारे, मला वहिनी म्हणणारे.

"काय झालं? कोन पडलं?"

"कोनी नाई पडलं भाऊ, बार पडला."

"हळू ठेवा ना, वहिनी. एवढी आदळआपट कायले करून राह्यल्या? वर अभ्यासिका आहे. पोरं परीक्षेचा अभ्यास करतात."

आता ऐका. त्याच हॉलमध्ये, त्याच वेळी, आरशासमोर पाचसहा पोट्टे उभे होते. स्पीकरवर गाणं असं की खिडकीच्या काचा थरथरतात. त्यातला एकजण डंबेल उचलताना बैलासारखा ओरडे आणि झालं की दोन्ही डंबेल दोन बाजूंना फेकून देई. मी सचिवांना म्हटलं, हे काय आहे मग? तर म्हणतात, "जवान पोरं आहेत वहिनी, त्यांचा जोर निघते." म्हणजे त्यांचा जोर निघते आणि माह्या हातून आदळआपट होते! मी वर जाऊन अभ्यासिकेतल्या मुलींनाच विचारलं. पोलीस भरतीचा अभ्यास करणाऱ्या पोरी. त्यातली एक म्हणाली, "काकू, आमाले तर गाण्याचा तरास होते. तुमचा आवाज आला का समजते, कोनीतरी काम करून राह्यलं." हे मी खाली येऊन सांगितलं. सचिवांनी मान हलवली आणि स्पीकर तसाच सुरू राहिला.

बरं, लोखंडी प्लेटा फरशीवर पडल्या तर फरशी फुटेल, हे मला मान्य होतं. मी भांड्यांच्या दुकानातली बाई आहे, कशाला पोचा पडतो ते मला कळतं. पण व्यायामशाळेकडे रबरी प्लेटा होत्या! सरकारी योजनेतून आलेल्या, जमिनीवर सोडण्यासाठीच बनवलेल्या. त्या कोठीत कुलपात होत्या, कंपनीच्या प्लास्टिकसकट. दसऱ्याला त्यांना हळदकुंकू लागायचं, झेंडूचा हार चढायचा, फोटो निघायचा आणि पुन्हा कुलूप. मागितल्या तर सचिव म्हणाले, "वापरल्या तर खराब होतीन ना. तपासणी आली तर काय दाखवू?" मी म्हटलं, तपासणीवाल्यांना मला दाखवा. त्यांना ती गंमत वाटली.

मग सरांनी सेलूहून ट्रकचे दोन जुने टायर आणले. त्यावर बार सोडला की आवाज निम्म्याने कमी व्हायचा. पंधरा दिवस मजेत गेले. एका सकाळी टायर गायब. मागच्या नालीजवळ फेकलेले सापडले. कारण काय, तर टायरात पाणी साचून डेंग्यूचे मच्छर होतात. अहो, हॉलच्या आत, छपराखाली, पाणी येणार कुठून? माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. सर मात्र शांतपणे म्हणाले, "भांडू नका वहिनी. भांडलो तर बारही जाईन." त्यांचं खरं होतं. व्यायामशाळेत त्यांना कोणी बोलावलेलं नव्हतं, ते आपणहून यायचे, आणि आपणहून येणाऱ्याला घालवणं सगळ्यात सोपं.

तेव्हापासून मी बार ठेवायला शिकले. डोक्यावरून खांद्यावर, खांद्यावरून मांडीवर, मांडीवरून गुडघे वाकवत फरशीवर, आणि शेवटच्या टोकाला एक प्लेट आधी टेकवून मग दुसरी. आवाज नाही. वर्षभर रोज हेच. वर नेताना जेवढा दम लागायचा त्याच्या दुप्पट खाली आणताना. हळूहळू असं झालं की बार डोक्यावर पोचायच्या आधीच माझं मन खाली उतरवण्याच्या तयारीला लागलेलं असे. सर कपाळाला हात लावत. "मी तुमाले वर न्यायचं शिकवू का खाली ठेवायचं?" उजवं कोपर सुजलं. घरी सासूबाई हळदीचा लेप लावून द्यायच्या आणि विचारायच्या, "काऊन व एवढं करतं? कोनी जबरदस्ती केली काय तुले?" मी म्हणायचे, मला आवडते. त्या माझ्याकडे अशा बघायच्या, जसं काही मी त्यांना परक्या भाषेत सांगितलं.

यंदा जिल्ह्याची निवड स्पर्धा हिंगणघाटला ठरली. पस्तिशीवरच्या बायकांचा गट पहिल्यांदाच. सरांनी माझं नाव दिलं, आणि ते कळल्यावर सचिवांनी मला ऑफिसात बोलावलं. बसा म्हणाले, चहा मागवला, म्हणजे काहीतरी वाईट सांगायचं होतं.

"वहिनी, तुमी बार उचलता त्या कोपऱ्यात ट्रेडमिल बसवाची आहे. समितीचं ठरलं. पन म्हटलं, वहिनीचं एवढं मन आहे तर एक संधी देऊ. नागपूरले विभागात निवड झाली तर कोपरा तुमचा, वजन उचलाले लाकडी ओटा करून देऊ, त्या रबराच्या प्लेटाही देऊ. नाई झाली तर मंग बार काढून टाकू. चालते ना?"

चालते ना! आमचीच कसरत, आमचाच घाम, वर आमच्यावर उपकार केल्यासारखं तोंड. पण वर्ध्यात दुसरीकडे कुठे बार नव्हता. सरांचं वय झालेलं, त्यांच्याकडे नवी जागा उभी करायची ताकद नव्हती. हा कोपरा गेला की माझा खेळ गेला. मी चहा न पिता हो म्हणून उठले. गटात नावंच मोजकी, त्यामुळे निवडीसाठी दोन्ही प्रकारांत निदान एकेक उचल पंचांनी मान्य केली की पुरे होतं. प्रत्येकी तीन संधी. एवढंच हवं होतं.

हिंगणघाटला सासूबाई माझ्याबरोबर आल्या. आमचे हे दुकान सोडून येणार नव्हते, आणि सासूबाई म्हणाल्या, "एवढं काय उचलते, मले पाहू तर दे." एका शाळेचं सभागृह होतं. मध्ये लाकडी ओटा, रबरी प्लेटा, समोर तीन पंच. निकाल दाखवायचे दिवे नव्हते, पंचांच्या हातात झेंड्या होत्या, पांढरी म्हणजे मान्य, लाल म्हणजे बाद. पहिल्या रांगेत पाहुण्यांसाठी सोफे, आणि त्यातल्या एका सोफ्यावर, गळ्यात आयोजकांचा हार घालून, आमचे सचिव.

स्नॅच निभावलं. वजन हलकं होतं, पंचाने पटकन 'डाऊन' म्हटलं, आणि मी बार सवयीने मांडीवर टेकवून हळूच ठेवला. तीनही पांढऱ्या झेंड्या. मधला पंच हसून म्हणाला, "ताई, सोडून द्या, फुटत नाई ते." लोक हसले. मीही हसले, पण कानशिलं गरम झाली.

मग क्लीन अँड जर्क. साठ किलो. हे वजन मी व्यायामशाळेत कित्येकदा केलं होतं. बार खांद्यावर आला, उठले, गुडघ्यात दबून जोर दिला आणि बार वर गेला. पाय एका रेषेत आले. आणि काय झालं ते माझं मलाच कळलं नाही, कोपरं आपोआप वाकली आणि बार खांद्यावर उतरला. लाल, लाल, लाल. सर ओट्याच्या कडेशी येऊन म्हणाले, "थांबाचं ना वहिनी! त्याले डाऊन तर म्हनू द्या!" मला रडू आलं असतं, पण त्याआधी चीड आली. साठ किलो डोक्यावर नेऊन मी हरत होते, तेही ठेवण्याच्या घाईने!

दुसऱ्या वेळी मी स्वतःला बजावलं, हलायचं नाही. बार वर गेला. थांबले. पंच माझे पाय बघत होता, 'डाऊन'साठी उचललेला त्याचा हात अजून वर होता. सगळं सभागृह शांत. आणि त्या शांततेत पहिल्या रांगेतून ओळखीचा आवाज आला, "हळू ठेवा, वहिनी, ओटा नवा आहे त्यांचा!"

माझे हात खाली आले. शपथेवर सांगते, मी आणले नाहीत, ते आले. वर्षभर ज्या आवाजाला घाबरून बार उतरवला, त्या आवाजाने मला नुसतं बटण दाबल्यासारखं खाली आणलं. पुन्हा तिन्ही लाल.

मी बार तसाच टाकला आणि ओट्यावरून उतरून सोफ्यासमोर जाऊन उभी राहिले. सर मागून "वहिनी, वहिनी" करत होते. डोक्यात अशी तिडीक गेली होती की समोर कोण पाहुणा आहे, कोण आमदाराचा माणूस आहे, काही दिसेना.

"भाऊ," मी म्हटलं, "एक वर्ष तुमचं ऐकलं. कोपर सुजवून घेतलं, पन ऐकलं. गाणे वाजवनाऱ्या पोट्ट्याईले तुमी काही म्हनलं नाई, मले म्हनलं. टायर फेकले. नव्या प्लेटा हार घालून कुलपात ठेवल्या. आता माह्याजवळ एक संधी उरली आहे. ती होईपर्यंत तुमच्या तोंडातून एक शब्द जरी निघाला, तर तो बार घेऊन मी तुमच्या सोफ्यावर येईन."

कोणीतरी मागे टाळी वाजवली. सचिव "अवो, मी तर चांगल्यासाठीच..." असं काहीतरी पुटपुटले आणि गळ्यातला हार नीट करायला लागले. मधल्या पंचाने मला ताकीद दिली, वेळ सुरू आहे ताई. मी हाताला पांढरी पावडर चोळली. बारपाशी गेले.

बार खांद्यावर जड आला. उठताना एकदा वाटलं, गेलं. उठले. श्वास घेतला, दबले आणि सगळा जोर पायातून दिला. बार वर गेला. डावा पाय मागे, उजवा पुढे, मग दोन्ही जवळ. कोपरं वाकायला बघत होती. मी त्यांना मनातल्या मनात अशा शिव्या दिल्या की त्या इथे लिहिता येणार नाहीत. पंच माझ्याकडे बघत होता, मी पंचाकडे. खूप वेळ गेला असं वाटलं, गेला नसावा.

"डाऊन!"

मी सोडला. साठ किलो डोक्यावरून सरळ ओट्यावर. असा धडाका झाला की मागच्या रांगेतलं एक लेकरू दचकून रडायला लागलं, आणि बार उडून पुन्हा पडला तेव्हा दुसरा धडाका झाला. सचिवांनी कानावर हात ठेवले होते. तीनही झेंड्या पांढऱ्या होत्या. सर ओट्यावर चढून नुसते माझा दंड धरून उभे राहिले.

पुढचं सांगायलाही चीड येते. बक्षीस देताना सचिव माझ्या शेजारी उभे, माईकवर म्हणतात, आमच्या व्यायामशाळेनं या ताईंना घडवलं. फोटोत त्यांचा हात माझ्या पदकावर. मी त्याच माईकवर म्हटलं, भाऊंनी ओटा आणि रबरी प्लेटा कबूल केल्या आहेत, सगळ्यांनी ऐकून ठेवा. टाळ्या पडल्या, त्यांना हसावं लागलं. ओटा झाला पुढे, प्लेटांचं प्लास्टिकही निघालं, पण त्याआधी व्यायामशाळेबाहेर त्यांच्या मोठ्या फोटोचा आणि माझ्या लहान फोटोचा फ्लेक्स लागला.

संध्याकाळच्या एसटीने आम्ही दोघी परत निघालो. सासूबाई खिडकीशी बसल्या होत्या. दिवसभरात त्या माझ्याशी धड बोलल्या नव्हत्या. मला वाटलं, भर सभेत सचिवांना बोलले ते त्यांना आवडलं नसणार, चारचौघांत घराण्याचं नाव गेलं वगैरे. मी उत्तर तयार ठेवलं होतं आणि ते गोड नव्हतं. बस नांदगाव फाट्याच्या पुढे आल्यावर त्यांनी विचारलं,

"ते शेवटी तू असं सोडून देल्लं... ते चालते?"

"हाव आई."

"मुद्दाम? एवढा आवाज होते तरी?"

"हाव. वर नेलं, थांबलं, त्यानं सांगतलं, मंग सोडाचं. तसाच नियम आहे."

"कोनी काही म्हनत नाई?"

"नाई."

त्यांनी मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. त्या म्हणाल्या, "मले तर कोनी सांगतलंच नाई व."